बेलवलकरांच्या पलीकडचे डॉ. लागू

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मराठी मंडळाने भरवलेल्या स्वगत-स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आला होता. स्पर्धक बहुतेक विशी-पंचविशीतले. त्यांच्यापैकी कोणाचेही शिक्षण मराठी माध्यमातून झालेले नव्हते. घरात मराठी, रस्त्यावर दुसरी भाषा, परीक्षेला तिसरी, अशा तिहेरी संसारात वाढलेली ही मुले. त्यांनी मराठी नाटकातील उतारा पाठ करून यावे याचेच आम्हांस कौतुक वाटत होते. परंतु तिसऱ्या-चौथ्या स्पर्धकानंतर आम्ही थोडे अस्वस्थ झालो. जो येई तो गणपतराव बेलवलकर होऊन येई. खांद्यावर शाल, हातात काठी, कंपित स्वर, आणि अखेरीस घर मागणारे ते सुप्रसिद्ध स्वगत. त्याहून विशेष हे की, प्रत्येकाच्या उच्चारात आणि विरामात एकाच माणसाची छाया होती. या मुलांनी डॉ. श्रीराम लागूंना रंगमंचावर कधी पाहिले नव्हते. तरी ध्वनिमुद्रणांतून, आणि अधिक करून वडीलधाऱ्यांच्या नकलांतून, लागू त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. त्या दिवशी पहिले बक्षीस आम्ही त्यांतल्याच एका बेलवलकरांना दिले, कारण त्याची नक्कल सर्वांत हुबेहूब होती.

ते बक्षीस देऊन आम्ही चूक केली, असे आता वाटते. ही चूक त्या मुलाशी झाली त्याहून अधिक डॉ. लागूंशी झाली. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हाही बहुतेक मथळ्यांत एकच शब्द होता, 'नटसम्राट'. जवळजवळ पाच दशके पसरलेली कारकीर्द एका भूमिकेच्या नावाखाली बंद करून आपण मोकळे झालो. ही भूमिका थोर होती यात शंका नाही. पण ती थोर का होती, आणि तिच्या आधी व नंतर या नटाने जे केले त्याच्याशी तिचे नाते काय, हा विचार राहूनच गेला. तो येथे थोडक्यात करण्याचा मानस आहे.

डॉ. लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि कान-नाक-घसा या शाखेचे ते शल्यविशारद झाले. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुण्याच्या बोलीत पी.डी.ए.मध्ये, ते हौशी नट म्हणून घडले. वसंत कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' याच संस्थेने १९५७ साली रंगभूमीवर आणले. पुढील शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड, व्यवसायासाठी पुणे आणि काही काळ टांझानिया, आणि भारतात असतील तेव्हा पी.डी.ए. व मुंबईचे 'रंगायन', असा त्यांचा क्रम होता. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्ण वेळ व्यावसायिक नट झाले. स्थिरावलेला डॉक्टरी पेशा सोडून बिनभरवशाच्या धंद्यात उतरणे हे मध्यमवर्गीय घरात किती अवघड असते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांनी एका नोकरीच्या आधाराने मुलूख सोडला आणि मग ती नोकरी घट्ट धरून ठेवली.

कान आणि घसा यांचा हा डॉक्टर. त्याच्या अभिनयाची चर्चा करताना आपण नेहमी घशाविषयी बोलतो, त्या घनगंभीर आवाजाविषयी. कानाविषयी कोणी बोलत नाही. आमच्या मते लागूंचे खरे वेगळेपण त्यांच्या कानात होते. समोरचे पात्र बोलत असताना ते ज्या प्रकारे ऐकत, त्यात त्यांचा निम्मा अभिनय होता. स्वगत-स्पर्धेत याचीच नक्कल करता येत नाही, कारण तेथे समोर कोणी नसतेच.

१९७० हे त्यांच्या कारकिर्दीतील कळीचे वर्ष. या एकाच वर्षात त्यांच्या हातून दोन नाटके उभी राहिली. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'चे त्यांनी दिग्दर्शन केले, त्यात भूमिकाही केली, आणि त्या नाटकासाठी सेन्सॉरशी झगडाही केला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. त्याचे दिग्दर्शक होते पुरुषोत्तम दारव्हेकर. या दोन नाटकांचा एकत्र विचार सहसा होत नाही. एक प्रायोगिक, दुसरे व्यावसायिक. एकावर अश्लीलतेचा आरोप, दुसऱ्याला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. पण मुळात विषय एकच आहे. म्हातारा बाप, त्याची मालमत्ता आणि त्याची मुले. 'गिधाडे'तील मुले बापाला पैशासाठी अक्षरशः टोचून काढतात. 'नटसम्राट'मधील बाप आपण होऊन सारे वाटून टाकतो आणि मग मुलाच्या व मुलीच्या घरात परका होतो. तेंडुलकरांनी ही कथा शिव्यांच्या, हाणामारीच्या, उघड्यावाघड्या मराठीत लिहिली. शिरवाडकरांनी ती काव्यात्म, अलंकारांनी लवलेल्या मराठीत लिहिली. एकाच वर्षी या दोन्ही भाषा तोंडात घोळवणारा नट केवळ सुंदर आवाजाचा धनी असून भागत नाही. कुटुंबातल्या क्रौर्याची ओळख त्याला आधी 'गिधाडे'त झाली होती. बेलवलकरांच्या शोकाला त्यामुळे रडवेपणा चिकटला नाही, असा आमचा तर्क आहे.

'नटसम्राट' हे नाटक म्हणून निर्दोष नाही, हे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. मुलगा, सून, मुलगी ही पात्रे बेलवलकरांना घराबाहेर काढण्यापुरतीच उभी राहतात. त्यांची बाजू नाटककाराने पुरेशी मांडलेली नाही. आणि बेलवलकरांच्या मुखी इतके वैभवशाली शब्द दिले आहेत की, नट जरा असावध राहिला तर तो शब्दांच्या लाटेवर स्वार होऊन टाळ्यांच्या किनाऱ्यास लागतो. प्रेक्षक सुखावतो, पण घरातून निघालेला म्हातारा त्याच्या नजरेआड होतो. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी ही भूमिका केली, आणि १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात नाना पाटेकरांनी ती केली. प्रत्येकाला या लाटेशी झुंजावे लागले असणार. लागूंनी ती झुंज बुद्धीच्या बळावर घेतली. बेलवलकर हा केवळ छळला गेलेला बाप नव्हे. आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द बोलत आलेला आणि आता स्वतःचे दुःखही दुसऱ्याच्याच शब्दांत मांडावे लागणारा तो माणूस आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांच्या स्वगतांत भावनेइतकाच शोध ऐकू येतो. जणू पुढचा शब्द आपल्याला सापडेल की नाही याची त्या म्हाताऱ्याला खात्री नाही. आमच्या स्पर्धकांना मात्र पुढचा शब्द पक्का पाठ होता. सारा फरक तेवढाच होता.

येथे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. 'नटसम्राट' रंगभूमीवर आणले ते धि गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागाने. मुंबईत येऊन राहिलेल्या गोमंतकीयांनी आपल्या माणसांसाठी उभी केलेली ही संस्था. म्हणजे मराठी रंगभूमीवरील हे सर्वांत गाजलेले 'बेघर' नाटक गाव सोडून आलेल्या माणसांच्या संस्थेने पोसले. याच संस्थेने पुढे गोव्यात फोंड्याजवळ बांदोडा येथे 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रम उभारला. नाटकातल्या म्हाताऱ्यासाठी डोळे पुसून घरी जाणे आणि खऱ्या म्हाताऱ्यांसाठी छप्पर बांधणे यांत किती अंतर आहे, आणि ते काही माणसांनी कापले, याचा अभिमान गोव्याच्या वाचकांनी अवश्य बाळगावा.

आता चित्रपटांकडे वळू. रंगमंचावर दूरच्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. कॅमेरा मात्र ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यापाशीही थांबू शकतो. म्हणूनच लागूंचे ऐकणे तेथे अधिक स्पष्ट दिसते. १९७२ साली व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'त ते गावाला आदर्श वाटणारे गुरुजी झाले. तमासगिरिणीच्या मोहात गुरुजी घसरतात, जगाच्या लेखी मरतात, आणि शेवटी आपल्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहतात. गावाने मनात जपलेली गुरुजींची मूर्ती अभंग राहावी म्हणून ते शिक्षा पत्करतात. कथा भडक आहे, रंगही भडक आहेत. पण त्या भडकपणाच्या मध्यभागी लागूंचा चेहरा हळूहळू ओसाड होत जातो, आणि तोच लक्षात राहतो. स्वतःच्याच पुतळ्याखाली जिवंत माणूस गाडला जाण्याची ही कथा पुढे 'नटसम्राट' या बिरुदाच्या रूपाने नटाच्याही वाट्याला यावी, हा योगायोग चमत्कारिक म्हणावा लागेल.

'सामना' हा १९७४ चा, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट. पटकथा तेंडुलकरांची. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा आणि साऱ्या पंचक्रोशीचा धनी. त्याच्या गावात दारूने खंगलेला, स्वातंत्र्यलढ्याची आठवण उराशी बाळगणारा एक मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर जवळजवळ काहीच करीत नाही. तो फक्त एक प्रश्न विचारीत राहतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले. ज्या नटाच्या वाणीवर सारा महाराष्ट्र लुब्ध होता त्याला येथे जवळजवळ एकच वाक्य मिळाले होते, आणि ते त्याला शांतपणे, पुन्हा पुन्हा म्हणायचे होते. फुले आणि लागू यांच्यातील सामना हा सत्तेचा आवाज आणि प्रश्नकर्त्याचा कान यांच्यातला सामना आहे. हिंदुराव बोलतो, मास्तर ऐकतो, आणि त्या ऐकण्यानेच हिंदुरावाचा धीर सुटत जातो. आमच्या मते लागूंची चित्रपटातील सर्वश्रेष्ठ भूमिका हीच. पाच वर्षांनी 'सिंहासन'मध्ये त्यांनी उलट बाजूही करून दाखवली. तेथे ते मुख्यमंत्रिपदावर डोळा असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले. या माणसाचे ऐकणे म्हणजे हिशेब, आणि सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस या वेळी निळू फुले.

या सर्व भूमिका एका ओळीत मांडल्या म्हणजे एक आकृती दिसू लागते. लागूंच्या महत्त्वाच्या भूमिका बहुधा शिकलेल्या, शब्दांवर विश्वास असलेल्या माणसांच्या आहेत, आणि ही माणसे कोणत्या ना कोणत्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहेत. कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'मधील नानासाहेब भानू हे महर्षी कर्व्यांच्या चरित्रावरून सुचलेले पात्र. लोकांसाठी झिजणाऱ्या या पुरुषाला घरच्या माणसांच्या न्यायासनापुढे उभे राहावे लागते. गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'तील मार्क्सवादी प्राध्यापक श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी तर विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोरच बसलेले. हे नाटक लागूंनी दिग्दर्शितही केले. तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मधील समाजवादी नाथ देवळालीकर मुलीच्या आंतरजातीय विवाहात आपल्या तत्त्वांचा विजय पाहतात, आणि शेवटच्या प्रवेशात तीच मुलगी त्यांना जे सुनावते ते त्यांना ऐकून घ्यावे लागते. महेश एलकुंचवारांच्या 'आत्मकथा'तील वृद्ध लेखक राजाध्यक्ष आपल्या लेखनातील खऱ्याखोट्याचा जाब देतो. आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ साली, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली लागूंनी सॉक्रेटिस उभा केला. प्रश्न विचारल्याबद्दल ज्याला विष प्यावे लागले तो हा मूळ आरोपी.

ही निवड योगायोगाची नाही. लागू स्वतः विवेकवादी होते. परमेश्वराला आता निवृत्त करावे असे लिहून त्यांनी मोठा रोष ओढवून घेतला होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात ते उघडपणे उभे राहिले. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला, तेव्हा त्यासाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे दौरे करण्यात त्यांचा पुढाकार होता. एवढी ठाम मते असलेला नट सहसा रंगमंचाचे व्यासपीठ करतो. लागूंनी तसे केले नाही. आपल्यासारखीच मते असलेली माणसे त्यांनी रंगवली, आणि त्या माणसांची फजिती, त्यांचा दंभ, त्यांचा एकाकीपणा लपवला नाही. नाथ देवळालीकरांच्या उदारपणात किती आत्मप्रौढी आहे हे दाखवताना आपल्याच विचारांच्या मंडळींना ते खटकेल याची भीती त्यांनी बाळगली नाही. नटाचा प्रामाणिकपणा याहून वेगळा काय असतो?

हिंदी चित्रपटांचा हिशेब मात्र तोट्याचा आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे त्यांनी भाराभर भूमिका केल्या. त्यांत न्यायाधीश, डॉक्टर, श्रीमंत बाप अशा साच्यातल्या भूमिकांचाच भरणा अधिक. त्या साच्यांत त्यांचे काही चालले नाही, आणि पुष्कळ वेळा त्यांनीही फारसा प्रयत्न केला नाही असे पडद्यावर दिसते. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील घरांतली पुढली पिढी त्यांना या भूमिकांवरूनच ओळखते, हे दुर्दैव. पण त्या ढिगातूनही दोन गोष्टी उचलून ठेवाव्यात. एक, १९७७ चा 'घरौंदा'. त्यातील वयस्क, हृदयविकाराने ग्रासलेले मालक मोदी यांच्या मरणाकडे डोळे लावून एक तरुण जोडपे घराचे स्वप्न पाहते. हे पात्र सहज हास्यास्पद किंवा दुष्ट झाले असते. लागूंनी त्याला एकाकी माणसाची प्रतिष्ठा दिली, आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. दुसरा, मृणाल सेन यांचा १९८९ चा 'एक दिन अचानक'. एका पावसाळी संध्याकाळी एक प्राध्यापक घराबाहेर पडतो तो परत येतच नाही. उरतात त्या घरच्यांच्या आठवणी, आणि त्या चाळताना हळूहळू उमगत जाते की, आपण ज्याला मोठा विद्वान मानत होतो तो एक सामान्य माणूस होता. बेलवलकर घरातून हाकलला जातो, हा प्राध्यापक स्वतःहून निघून जातो, आणि जाताना एक शब्दही बोलत नाही. 'नटसम्राट' ज्यांना पाठ आहे त्यांनी हा चित्रपट मुद्दाम पाहावा.

लागूंच्या मर्यादाही होत्या. आपली बुद्धी लपवणे त्यांना जमत नसे. अडाणी, भोळा किंवा निव्वळ उडाणटप्पू माणूस ते करू लागले की, त्याच्या आड एक वाचलेला गृहस्थ उभा दिसे. निळू फुल्यांना मातीचा जो वास होता तो लागूंना नव्हता. कधीकधी त्यांच्या शब्दोच्चारातली स्वच्छता इतकी निर्दोष असे की, पात्र बोलत नसून वाचत आहे असे वाटे. 'वाचिक अभिनय' या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्या शास्त्राचे ओझे क्वचित प्रयोगातही जाणवे. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. ज्याच्या उणिवा सांगता येत नाहीत त्याचा आपण पुतळा केलेला असतो.

२००४ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव त्यांनी 'लमाण' असे ठेवले. बैलांच्या पाठीवर गोणी लादून एका मुलखातला माल दुसऱ्या मुलखात नेणारा तो लमाण. माल त्याचा नसतो, पण त्याच्यावाचून तो पोहोचतही नाही. लोकांनी सम्राटपद दिले असता स्वतःस लमाण म्हणवणारा हा नट आपल्यासारख्यांना विशेष जवळचा वाटावा. आपणही चार-सहा पिढ्या हेच करीत आलो. मराठी बोली, गणेशोत्सवातली नाटके, आजीच्या ओव्या, हा सारा माल पाठीवर लादून तंजावर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा वाटांनी आपण चाललो. प्रश्न एवढाच आहे की, गोणीत धान्य आहे की नुसती गोणीच आपण जपून नेत आहोत. बेलवलकरांचे स्वगत घडाघडा म्हणणारा मुलगा घरी आजोबांशी दोन वाक्ये मराठीत बोलत नसेल, आणि आजोबांचे म्हणणे ऐकून घेण्यास त्याला सवड नसेल, तर त्या चषकाचा उपयोग काय? ही टीका त्या मुलावर नाही. त्याला स्वगत आम्हीच पाठ करायला सांगितले. ऐकायला कोणी शिकवले नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक साधी सूचना मांडली आहे. पुढील वर्षापासून स्वगत-स्पर्धेऐवजी द्विपात्री प्रवेशांची स्पर्धा घ्यावी, आणि बक्षिसांपैकी एक बक्षीस त्या प्रवेशात कमी बोलणाऱ्या पात्रासाठी राखून ठेवावे. सूचनेवर पुष्कळ हशा झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, गप्प बसणाऱ्याला बक्षीस द्यायचे म्हणजे परीक्षकांना जागे राहावे लागेल!" त्यांचे म्हणणे खरे आहे. डॉ. लागूंनी आपल्याला बोलण्याने भारावून टाकले, आणि त्या भरात त्यांचे ऐकणे आपण पाहिलेच नाही. सूचना अद्याप विचाराधीन आहे. ती मान्य झाली तर पहिल्या वर्षी 'सामना'तील हिंदुराव आणि मास्तर यांचा एखादा प्रवेश नेमावा, असे आम्ही सुचवणार आहोत, आणि त्या वेळी बक्षीस मास्तरला देण्यापूर्वी तो नीट ऐकत होता की नाही हे आम्ही जागे राहून पाहू.